नावावर वॉरंट आहे का? घरबसल्या असे पाहा

परदेशातून सुट्टीवर आलेला मुलगा पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी अर्ज करतो आणि पोलीस पडताळणीत कळते की त्याच्या नावावर कोर्टात एक केस आहे, त्यात वॉरंटही निघाले आहे. केस जुन्या चेकची. समन्स गावच्या पत्त्यावर आले होते. घरी फक्त म्हातारी अम्मी. तिने कागद कपाटात जपून ठेवला, पण कोणाला वाचायला दिला नाही. कोकणातल्या ज्या ज्या घरातले कोणी दुबई, कुवेत, मस्कतला आहे, त्या घरांना अशी गोष्ट नवी नाही. म्हणून या महिन्यात आम्ही याच विषयावर लिहायचे ठरवले: आपल्या नावावर वॉरंट आहे की नाही, हे कसे शोधावे?

पहिली गोष्ट स्पष्ट करू. अमेरिकेत काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथल्या बऱ्याच काउंट्यांत शेरीफचे कार्यालय वॉरंट असलेल्यांची नावेच जाहीर करते. आपल्याकडे तशी नाव टाकून पाहता येईल अशी जिल्ह्याची वॉरंट-यादी नाही. आपल्याकडे वॉरंट शोधायचे म्हणजे आधी केस शोधायची. केस सापडली की वॉरंटचा पत्ता लागतो.

केस शोधण्याची जागा म्हणजे 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' ही सरकारी वेबसाइट आणि त्याच नावाचे मोबाइल ॲप. दोन्ही मोफत आहेत. वेबसाइटवर 'केस स्टेटस' उघडावे. राज्य महाराष्ट्र, जिल्हा सिंधुदुर्ग, आणि मग कोर्टांची यादी येते. दोडामार्गच्या लोकांनी इथे एक ध्यानात ठेवावे. आपला तालुका 1999 मध्ये सावंतवाडीतून वेगळा झाला. त्यामुळे दोडामार्गबरोबर सावंतवाडीचे कोर्टही पाहावे. सेशन्सच्या केसेस ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा न्यायालयात असतात, तेही पाहावे. आणि आपली निम्मी माणसे कामधंद्याला गोव्यात. म्हापसा-डिचोलीकडे अपघाताची, चेकची किंवा भांडणाची केस झाली असेल तर ती सिंधुदुर्गात कितीही शोधली तरी दिसणार नाही. त्यासाठी राज्य गोवा आणि जिल्हा उत्तर गोवा निवडून पुन्हा शोधावे लागते.

शोधण्याचे रस्ते अनेक आहेत. केस नंबर माहीत असेल तर सर्वात सोपे. पोलीस ठाणे आणि एफआयआर नंबर माहीत असेल तरी चालते. काहीच माहीत नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून पाहावे. वर्ष केस नोंदल्याचे असते, घटनेचे नव्हे. म्हणून मागचे-पुढचे एकेक वर्षही तपासावे. 'पेंडिंग' आणि 'डिस्पोज्ड' असे दोन पर्याय दिसतील. वॉरंट चालू केसमध्ये असते, तेव्हा 'पेंडिंग' आधी पाहावे.

केस सापडली की सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर दिसेल. महाराष्ट्राचा नंबर एमएचने सुरू होतो, शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. हा नंबर वहीत उतरवून ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी नाव-गाव काही भरावे लागणार नाही. आत गेल्यावर पुढची तारीख आणि केसचा टप्पा दिसतो. टप्प्याच्या जागी समन्स, वॉरंट, एनबीडब्ल्यू असे शब्द असतील तर समजून घ्यावे. एनबीडब्ल्यू म्हणजे अजामीनपात्र वॉरंट. मागच्या तारखांवर बोट ठेवले की त्या दिवशी कोर्टात काय झाले, तेही बऱ्याचदा वाचायला मिळते.

आता आपल्या घरांतली खास अडचण: नावे. मोहम्मद हे एकच नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात, ते शाळेच्या हजेरीपटावर आम्ही रोज पाहतो. कोणी पूर्ण लिहितो, कोणी 'मोहं.', कोणी नुसते 'एमडी'. शेख, सय्यद, कादर, अब्दुल यांचेही तेच. म्हणून नाव शोधताना आडनाव आणि नावाचा थोडाच भाग टाकावा, तीन-चार अक्षरे पुरतात, आणि स्पेलिंग बदलून दोन-तीनदा पाहावे.

याची उलटी बाजू अधिक गंभीर आहे. नाव सापडले म्हणजे माणूस सापडला असे नाही. एकाच तालुक्यात एकाच नावाचे चार जण निघतात. हल्ली स्थळ पाहताना मुलाचे नाव मोबाइलवर टाकून बघण्याची पद्धत निघाली आहे. चौकशी जरूर करावी. पण वडिलांचे नाव, गाव, वय जुळल्याशिवाय 'त्याच्यावर केस आहे' असे चार बायकांत बोलून टाकणे म्हणजे एखाद्या निर्दोष घराची अब्रू घालवणे होय. आणि नाव खरेच त्याचे असले तरी केस म्हणजे शिक्षा नव्हे. निकाल लागेपर्यंत तो आरोपीच असतो. बदगुमानीला मोबाइलचा आधार मिळाला म्हणून ती तहकीक ठरत नाही.

ई-कोर्ट्सवर काहीच सापडले नाही तर? तरीही पूर्ण निर्धास्त होऊ नये. लैंगिक गुन्हे आणि मुलांसंबंधीच्या केसेसचा तपशील दाखवला जात नाही. तपास चालू असताना, आरोपपत्र येण्याआधी निघालेले वॉरंट इथे दिसेलच असे नाही. दखलपात्र गुन्ह्यात तर पोलीस वॉरंटशिवायही अटक करू शकतात. म्हणून शंका असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर पाहावेत. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच, संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर वेबसाइटवर टाकण्याचा आदेश दिला आहे. आणि वेबसाइटवर दिसते ती फक्त माहिती. पुरावा म्हणून लागणारी प्रमाणित नक्कल कोर्टात अर्ज करूनच मिळते.

वॉरंट सापडलेच, तर काय? घाबरून गोव्याला किंवा मुंबईला नातेवाइकांकडे जाऊन बसणे हा सर्वात वाईट मार्ग. वॉरंट भारतात कुठेही बजावता येते. त्याला मुदतही नसते: बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत ते जिवंत राहते. पुढे माणूस फरार असल्याची जाहीर उद्घोषणा आणि मालमत्तेची जप्ती इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. उलट वकिलासह स्वतः त्याच कोर्टात हजर होऊन, गैरहजेरीचे खरे कारण सांगून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देता येतो. समन्स मिळालेच नव्हते, आजारपण होते, परदेशात होतो, जे असेल त्याचे कागद जोडावेत. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितले आहे की साधारणपणे आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानंतरच अजामीनपात्र वॉरंट काढावे. जो स्वतःहून येतो त्याच्याकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहते.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. त्याचे जिल्हा कार्यालय ओरोसला आहे; देशभरचा हेल्पलाइन नंबर 15100. बायकांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, हे आमच्या बहिणींनी लक्षात ठेवावे.

परदेशात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. 1967 च्या पासपोर्ट कायद्यानुसार अटकेचे वॉरंट किंवा फौजदारी केस चालू असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. पण केस चालू असतानाही कोर्टाची परवानगी आणून पासपोर्ट घेता येतो. तशी 1993 ची अधिसूचना आहे. म्हणजे दार बंद नाही, मात्र ते कोर्टातून उघडते, एजंटाकडून नव्हे. उमराहची तिकिटे काढण्याआधी हे पाहून घेतले तर ऐनवेळची धावपळ वाचते.

शेवटी खोट्या वॉरंटबद्दल. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, व्हॉट्सॲपवर शिक्क्याचा कागद, 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, पैसे भरा' अशी धमकी. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते हे खरे. पण अटकेचे वॉरंट लेखी असते, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. बजावणाऱ्या पोलिसाने त्यातला मजकूर सांगायचा असतो आणि मागितले तर कागद दाखवायचा असतो. फोनवर पैसे घेऊन कोणतेही कोर्ट वॉरंट रद्द करत नाही. असा कागद आला तर त्यावरचा केस नंबर वर सांगितल्याप्रमाणे ई-कोर्ट्सवर तपासा, आणि फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

घरात कोर्टाचा कोणताही कागद आला तर तीन कामे त्याच दिवशी व्हावीत: तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी, आणि परदेशातल्या माणसाला त्याचा फोटो पाठवावा. 'त्याला उगाच टेन्शन नको' म्हणून कागद लपवणाऱ्या अम्मी-अब्बांची माया आम्ही जाणतो. पण विमानतळावर किंवा पासपोर्ट ऑफिसात समजण्यापेक्षा घरच्यांच्या तोंडून समजलेले केव्हाही बरे. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्यांनी ही वेबसाइट उघडण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. दहा मिनिटांत ती शिकतील, आणि शेजारच्या दोन घरांनाही मदत करतील.