मालवण : बंदर की नुसता किनारा?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला आणि त्यांत मालवणच्या सिंधुदुर्गाचेही नाव आले. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु अभिमानाच्या भरात एका प्रश्नाकडे डोळेझाक होता कामा नये. पाहुण्यांची वर्दळ वाढत असताना मालवण बंदर म्हणून जगणार आहे, की प्रेक्षणीय किनारा म्हणून केवळ उरणार आहे?

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला, तो सिद्दी, पोर्तुगीज व इंग्रज यांच्या सागरी सत्तेला शह देण्यासाठी. बुडत्या खडकांनी भरलेल्या या समुद्रातून गलबत कसे हाकावे, हे ज्ञान किनाऱ्यावरील दर्यावर्दींपाशी होते; त्यावाचून नुसता तट निरुपयोगी ठरता. १८१२ च्या तहाने मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले. किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरले, बंदराचे मात्र टिकले. मुंबईचा चाकरमानी आगबोटीने याच बंदरात उतरत असे. पुढे आगबोटी बंद पडल्या आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही कणकवली-कुडाळवरून निघून गेली.

ही पोकळी पर्यटनाने भरून काढली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग 'पर्यटन जिल्हा' म्हणून घोषित झाला. किल्ल्यातील शिवराजेश्वराचे मंदिर, खाऱ्या समुद्रातील गोड्या पाण्याच्या विहिरी, तारकर्लीची वाळू यांच्या ओढीने माणसे येऊ लागली, घराघरांत चूल दोनदा पेटू लागली. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या थांबतात, पाहुणाही पांगतो. मूळ आधार म्हणावा असा व्यवसाय मासेमारीचाच. आणि पाहुण्याच्या ताटातील मासळीही तेथूनच येते.

नेमका तोच आधार खचत आहे. गावाने एकत्र ओढायची आणि वाटून घ्यायची रापण यांत्रिक पर्ससीन जाळ्यांपुढे हतबल झाली आहे. प्रखर दिव्यांच्या साह्याने मासे पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये मनाई केली. तरीही त्याविरुद्धच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांच्या मनात धास्ती आहे. समुद्र राखायचा तो कोणासाठी, हे त्यांना विश्वासात घेऊन सांगितले गेले नाही, तर नियम कागदावरच राहतात.

उपाय दुर्घट नाहीत. मासेमारीच्या कायद्याची अंमलबजावणी भर समुद्रात व्हावी, केवळ धक्क्यावर नव्हे. पाहुण्यांची पावले आंबा-काजूच्या बागांकडे, दशावतार रंगणाऱ्या आतल्या गावांकडेही वळावीत, म्हणजे किनाऱ्यावरील भार हलका होईल आणि पैसा चार हातांत खेळेल. किल्ल्यावर एका दिवशी किती माणसे न्यावयाची, याचा निर्णय होडीवाल्यांशी बोलून व्हावा.

सिंधुदुर्गाचा तट साडेतीन शतके लाटा झेलीत उभा आहे. त्याच्या पायथ्याशी जाळे टाकणारा माणूस मात्र उठून गेला, तर वारसा म्हणून जगाला दाखवावयास दगड तेवढे राहतील.