शिळेवरचा क्रूस

फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी हा सागरकाठचा प्रांत आहे. तेथील प्लमर-बोदू गावाच्या परिसरात, सेंट-उझेक येथे, सात मीटरांहून उंच अशी एक प्रागैतिहासिक शिळा उभी आहे. अशा शिळांना ‘मेनहिर’ म्हणतात. ब्रेटन भाषेत ह्याचा अर्थ ‘लांब दगड’. ख्रिस्तजन्माच्या हजारो वर्षे आधी कुणा अज्ञात समाजाने ती उभारली. १६७४ साली तिच्या माथ्यावर क्रूस घडवण्यात आला आणि अंगावर प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरण्यात आली: शिडी, खिळे, कोंबडा, सूर्य आणि चंद्र.

ही शिळा म्हणजे श्रद्धेने अंधश्रद्धेवर मिळवलेला विजय, असे काही धर्मबंधू अभिमानाने सांगतात. सुवार्ता लोकसंस्कृतीशी एकरूप झाल्याचा हा दाखला, असे दुसरे म्हणतात. आम्हांला ही दोन्ही मते मान्य नाहीत. एकरूप होण्यासाठी आधी समोरच्याचे ऐकावे लागते. येथे कोणी काय ऐकले? ज्यांनी ही शिळा उभारली त्यांची प्रार्थना कोणती होती, हे न विचारताच तिच्यावर आपली मुद्रा उमटवण्यात आली. ह्याला संवाद म्हणता येत नाही. हा ताबा झाला.

क्रूस कोरला म्हणूनच शिळा वाचली, असाही युक्तिवाद केला जातो. मग कार्नाकच्या माळावर सुमारे तीन हजार शिळा क्रुसाविना रांगेत कशा उभ्या राहिल्या? दोल गावाजवळच्या शाँ-दोलाँ येथील नऊ मीटरांहून उंच शिळेच्या माथ्यावर एके काळी क्रूस होता. आज तो नाही. त्यामुळे शिळेचे काही बिघडले नाही आणि ख्रिस्ताचेही काही उणे झाले नाही.

त्याच शतकात, त्याच ब्रिटनीत, येशूसंघीय धर्मगुरू ज्युलियाँ मोनवार (१६०६–१६८३) गावोगाव फिरत होते. त्यांनी लोकांची ब्रेटन भाषा आत्मसात केली, तिच्यात धर्मशिक्षण दिले. आपल्या फादर स्टीफन्सांनीही १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आणले. भाषा शिकणारा प्रथम शिष्य होतो, मग गुरू. छिन्नी घेऊन आलेल्याला शिष्य व्हावेच लागत नाही. सुवार्तेचा खरा मार्ग पहिला आहे, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

तेव्हा सेंट-उझेकचा तो क्रूस आता काढून टाकावा काय? मुळीच नाही. तीनशे वर्षांहून अधिक काळ तोही त्या शिळेच्या इतिहासाचा भाग आहे आणि त्यापुढे हात जोडणाऱ्यांची भक्ती खोटी नव्हती. मात्र त्याला विजयस्तंभ म्हणणे आपण थांबवावे. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. त्या वचनाची कसोटी परक्यांच्या पवित्र स्थळी लागते. तेथे आपण छिन्नी उचलतो की पायांतील वहाणा काढतो?