मखर कापणारी घरगुती सीएनसी नेमकी ड्रायव्हर बोर्डवर का अडते?

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकसोबत थर्माकोलवरही बंदी आणली. गणपतीच्या सजावटीपुरती तरी सूट द्या, म्हणून थर्माकोलवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथेही नकार मिळाला. मग मखरं पुठ्ठ्याकडे, कापडाकडे आणि प्लायवूडकडे वळली.

कोकणात गणपती घरोघरी. त्यामुळे रत्नागिरीजवळच्या पावससारख्या गावात एखाद्या सुताराने घरीच छोटं सीएनसी राउटर जोडायचं ठरवलं, तर हिशेब सरळ आहे. मोटर, रेल्स, स्पिंडल यांची यादी पटकन होते. घोडं अडतं ते स्टेपर मोटरच्या ड्रायव्हर बोर्डवर.

स्टेपर मोटर एका फेरीत बहुतेक वेळा २०० पावलं टाकते. कंट्रोलर फक्त ‘आता पाऊल टाक’ एवढा इशारा देतो. मोटरला प्रत्यक्ष करंट पुरवतो तो ड्रायव्हर. तो कमी पडला की मोटर पाऊल चुकते आणि कंट्रोलरला त्याचा पत्ताही नसतो. मखराच्या कमानीची नक्षी मध्येच दोन मिलिमीटर सरकते आणि आठ बाय चारची आख्खी शीट वाया जाते.

सगळ्यात स्वस्त बोर्ड ए४९८८. ३५ व्होल्ट, कागदावर २ अँपिअर. पण हीटसिंक आणि पंखा नसेल तर साधारण १ अँपिअरच धरावा. डीआरव्ही८८२५ ची झेप ४५ व्होल्टपर्यंत आणि थंडाव्याशिवाय दीड अँपिअरच्या आसपास. टीएमसी२२०९ ची खासियत म्हणजे मोटरचा आवाज जवळपास गायब होतो. थ्रीडी प्रिंटरवाले त्याच्या प्रेमात आहेत ते उगाच नाही. पण राउटरचा स्पिंडलच एवढा कोकलतो की मोटरच्या शांततेसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. हे तिन्ही बोर्ड छोट्या नेमा १७ मोटरसाठी ठीक आहेत.

ए४९८८ वर करंट बारीक स्क्रू फिरवून, मल्टीमीटरवर व्होल्टेज बघून ठरवतात. ०.१ ओहमचा रेझिस्टर असेल तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर. रेझिस्टर ०.०५ चा निघाला, तर त्याच ०.८ व्होल्टला २ अँपिअर! म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलण्याआधी आपल्या बोर्डवरचा रेझिस्टर वाचावा.

प्लायवूड कापायचं म्हणजे नेमा २३ मोटर, आणि तिला साधारण ३ अँपिअर लागतात. इथे टीबी६६०० नावाने विकले जाणारे बोर्ड मोह घालतात. झाकणावर ४ अँपिअर छापलेलं असतं, पण अनेक स्वस्त बोर्डांत त्या नावाची चिप नसतेच, तिची धाकटी बहीण असते. शिवाय छापलेला आकडा बऱ्याचदा क्षणिक कमाल करंटचा असतो. डीएम५४२ चा ४.२ अँपिअरही कमालच, सरासरी ३. पण तो ५० व्होल्टपर्यंत चालतो, आणि जास्त व्होल्टेजवर मोटर वेगातही ताकद टिकवते. बजेटमध्ये बसत असेल तर मखरासाठी हाच घ्यावा.

मायक्रोस्टेपिंग जितकं जास्त तितकं काम अचूक, हा समजही महागात पडतो. ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू आणि १६ मायक्रोस्टेप म्हणजे दर मिलिमीटरला ६४० इशारे. आर्दुइनो उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला जेमतेम ३० हजार इशारे देतं, म्हणजे वेग सेकंदाला ४७ मिलिमीटरच्या आसपास. ३२ केलं की तो निम्मा. अचूकता मात्र स्क्रू आणि फ्रेमच्या ढिलेपणावरच अडकलेली राहते.

खाऱ्या, दमट हवेत बोर्ड उघडे ठेवू नयेत; पंख्याचा डबा आणि आत गाळणी लावावी. मोटरची वायर चालू करंटमध्ये ओढू नये, ड्रायव्हर जागीच जळतो. आणि मखराचा हंगाम नेमका पावसाळ्यातला. लाईट गेली की कितीही चांगला ड्रायव्हर असला तरी मशीन आपली जागा विसरते. तिन्ही अक्षांना होमिंग स्विच असतील आणि कामाचा शून्यबिंदू लिहून ठेवला असेल, तर लाईट आल्यावर तीच शीट तिथूनच पुढे कापता येते.