विद्यार्थी-दिशा : पुरावा सांगेल तेवढेच

बारावीचे निकाल लागले की समाजातील बहुतेक घरांत ठरावीक चार नावे घेतली जातात : वैद्यकीय, अभियांत्रिकी, सी.ए. आणि घरचा व्यापार. अलीकडे त्यांत आणखी एका नावाची भर पडली आहे. मुलगी ‘फॉरेन्सिक सायन्स’ म्हणते आणि घरात क्षणभर शांतता पसरते. आजीच्या डोळ्यांपुढे शवागार उभे राहते, वडिलांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या दिसतात. अहिंसा हा ज्या घराचा पाया, तेथील लेकीने रक्ताच्या डागांचा आणि विषांचा अभ्यास का करावा, हा प्रश्न मग कोणीतरी विचारतोच. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम या विद्येचे स्वरूप नीट समजून घ्यावयास हवे.

मराठीत या शास्त्राला न्यायसहायक विज्ञान म्हणतात आणि हे नाव अत्यंत समर्पक आहे. न्याय देणे हे न्यायाधीशाचे काम, त्याला साहाय्य करणे हे या विज्ञानाचे. शवविच्छेदन हा त्याचा भाग नव्हे. ते काम एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर करतो आणि त्यासाठी न्यायवैद्यकशास्त्राचे वेगळे पदव्युत्तर शिक्षण असते. न्यायसहायक वैज्ञानिकाकडे येतो तो मोहोरबंद मुद्देमाल : बरणीतील व्हिसेरा, कपड्यावरील डाग, वादग्रस्त मृत्युपत्र, भेसळीचा संशय असलेले तेल, एखाद्याचा मोबाइल. लाखेची मोहोर शाबूत आहे ना, पंचनाम्यातील वर्णनाशी वस्तू जुळते ना, हे पाहिल्यावाचून तो तपासणीला हात घालत नाही. न्यायालयात ज्याला ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात, तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल या कामातूनच तयार होतो.

या शास्त्राच्या घडणीत भारताचाही मोठा वाटा आहे. जगातील पहिले अंगुलिमुद्रा केंद्र १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती सिद्ध करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे परिश्रम होते. पुढे १९१० मध्ये फ्रान्समधील लियों शहरात एडमंड लोकार यांनी पोलीस प्रयोगशाळा उभारली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की दोन्हींवर एकमेकींची काही खूण मागे राहते, या त्यांच्या विचारावर हे शास्त्र आजही उभे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे काम अहिंसेच्या विरोधात जाते काय? डी.एन.ए. तपासणीचा गुन्ह्याच्या तपासात पहिल्यांदा उपयोग झाला, तो प्रसंग येथे पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमधील लेस्टरजवळच्या गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. लेस्टर विद्यापीठातील अलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डी.एन.ए.वरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत शोधली होती. पोलिसांनी त्यांना नमुने दिले ते बहुधा पहिल्या खुनाचाही दोष त्याच मुलावर सिद्ध व्हावा म्हणून. निष्कर्ष उलटा आला. दोन्ही खून एकाच माणसाने केले होते, पण तो माणूस हा मुलगा नव्हता. कबुली असूनही मुलगा सुटला. खरा अपराधी नंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. या नव्या विद्येने गुन्हेगाराला पकडण्याआधी एका निरपराधाला वाचवले, हे ध्यानात घेतले म्हणजे आजीच्या शंकेचे अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर अधिक कठीण आहे, कारण हीच विद्या निरपराधाला तुरुंगातही पाठवू शकते. मार्च २००४ मध्ये माद्रिद येथे रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. एका पिशवीवरील बोटाचा ठसा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचाच आहे, असा निर्वाळा तेथील केंद्रीय तपास संस्थेच्या तज्ज्ञांनी दिला. स्पेनचे पोलीस सहमत नव्हते, तरीही त्या वकिलाला सुमारे दोन आठवडे अटकेत राहावे लागले. अखेर ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला आणि संस्थेला क्षमा मागावी लागली. दोन ठशांत साम्य होते हे खरे. तथापि ‘साम्य आहे’ आणि ‘हा तोच आहे’ या दोन वाक्यांमधील अंतर तज्ज्ञांनी घाईने ओलांडले. पहिल्याने दिलेले मत पुढच्यांनी डोळसपणे तपासले नाही.

विद्यापीठात शिकावयाची मुख्य गोष्ट हीच आहे. सूक्ष्मदर्शक आणि यंत्रे हाताळणे सरावाने जमते. पुरावा सांगेल तेवढेच सांगणे आणि त्यापुढे एक अक्षरही न लिहिणे, ही सवय मात्र वर्षानुवर्षे मनाला लावावी लागते. कोणत्या अपेक्षेने, कोणत्या मर्यादेत हे विधान खरे आहे, हे स्पष्ट करूनच बोलावे, ही शिकवण अनेकांताच्या संस्कारात वाढलेल्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये. वाणीचा संयम पाळणाऱ्याला येथे घरचा वारसाच उपयोगी पडतो.

या अभ्यासातील अनेक विषयही आपल्या आचारधर्माला अपरिचित नाहीत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत खोटे दस्तऐवज करणे आणि दुसऱ्याची ठेव गिळंकृत करणे यांची गणना आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, मापात लबाडी करणे, अस्सल मालात नकली मिसळणे हे दोष येतात. आजच्या प्रयोगशाळेतील दस्तऐवज-परीक्षण, आर्थिक गैरव्यवहाराचा तपास आणि भेसळीची चाचणी ही जणू त्याच यादीची आधुनिक प्रकरणे होत. व्यापारी कुटुंबातील मुलांना हे विषय लवकर उमगतात.

मात्र कोणी स्पर्श केला हे प्रयोगशाळा सांगते, का केला हे सांगत नाही. जैन शास्त्रात हिंसेचा विचार करताना प्रमादाला आणि भावाला महत्त्व आहे, कायदाही हेतूची चौकशी करतो. तेथे गुन्हेगारीशास्त्र सुरू होते. इटलीतील बेकारिया यांनी १७६४ मध्ये क्रूर शिक्षांविरुद्ध ग्रंथ लिहिला. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती अधिक परिणामकारक असते, हे त्यांचे म्हणणे आजही अभ्यासले जाते. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, पीडिताला आधार कसा द्यावा, सुटून आलेल्या कैद्याला समाजाने पुन्हा कसे सामावून घ्यावे, हे या शास्त्राचे विषय आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून कैद्यांसाठी याच दृष्टीने काम करीत आहे. पापाचा तिरस्कार करावा, पापी माणसाचा नव्हे, हे ज्याला पटते त्याने या शाखेचा अवश्य विचार करावा.

शिक्षणाच्या सोयी आता जवळ आल्या आहेत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या विद्यापीठाला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा दर्जा मिळाला असून त्याचे एक संकुल गोव्यातही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाणे आवश्यक ठरविले आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. त्यामुळे तज्ज्ञांची गरज वाढणार, हे उघड आहे.

तरीही पालकांनी काही गोष्टी पारखून घ्याव्यात. दूरदर्शन मालिकांतील झगमगाटाला भुलून प्रवेश घेऊ नये. तेथे तासाभरात उलगडणारे रहस्य प्रत्यक्षात महिनोन्‌महिने चाचण्यांच्या रांगेत असते. संस्थेत स्वतःची सुसज्ज प्रयोगशाळा आहे काय, हे समक्ष जाऊन पाहावे. शासकीय पदांच्या जाहिरातींत अनेकदा रसायनशास्त्रासारख्या मूळ विषयाची पदवी मागितलेली असते. म्हणून आधी मूळ विज्ञानात पदवी आणि नंतर न्यायसहायक विज्ञानात एम.एस्‌सी. हा मार्ग बऱ्याच जणांना अधिक सुरक्षित ठरतो. जीवशास्त्रीय शाखेतील प्रात्यक्षिकांत कीटक वा प्राणिज नमुने वापरले जातात काय आणि त्यांस पर्याय मिळतो काय, हे प्रवेशापूर्वीच विभागाला विचारावे. ज्यांना ते नको असेल, त्यांच्यासाठी दस्तऐवज, रसायन, आवाज आणि संगणकीय पुरावा या शाखा मोकळ्या आहेत.

घरातील चर्चेत शेवटचा शब्द मुलीचा असू द्यावा, परंतु तिला एक प्रश्न जरूर विचारावा. सगळे गाव एखाद्याला अपराधी म्हणत असताना, वरिष्ठ घाई करीत असताना, ‘या पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही’ एवढे लिहून सही करण्याचे धैर्य तिच्यात आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर आजीनेही निश्चिंत मनाने आशीर्वाद द्यावा.