स्वस्त तिकिटांमधील फट

मुंबईहून दुबईपर्यंत एका कंपनीचे विमान व तेथून लंडनला दुसऱ्या कंपनीचे, अशी स्वतंत्र तिकिटे काढल्यास भाडे पुष्कळदा वाचते. मात्र जोडविमान चुकण्याची जोखीम प्रवाशाच्याच शिरावर येते. सारा प्रवास एकाच तिकिटावर असता पहिल्या विमानाच्या विलंबानंतर पुढची सोय कंपनीलाच करावी लागते. स्वतंत्र तिकिटांत दुसरी कंपनी त्याला केवळ गैरहजर समजते, आणि पुष्कळदा त्याच तिकिटावरील परतीचे आरक्षणही रद्द करते. विमा उतरवावयाचा तो या फटीसाठी! विक्रेता मात्र इस्पितळखर्चाचे डॉलर मोजून दाखवितो. जोडविमानाचे कलम स्वतंत्र तिकिटांना लागू आहे काय, दोन उड्डाणांत किमान किती तासांचे अंतर हवे, हे हप्ता भरण्यापूर्वी त्याला कोण विचारतो?