चिनी पडद्यावरची शेवटची पाटी

'फाइट क्लब' हा १९९९ सालचा अमेरिकी चित्रपट २०२२ च्या जानेवारीत चीनमधील 'टेन्सेन्ट व्हिडिओ' या संकेतस्थळावर दाखल झाला. मूळ चित्रपटाच्या अखेरीस गगनचुंबी इमारती स्फोटांनी एकामागून एक कोसळतात. चिनी प्रेक्षकांना मात्र इमारती कोसळताना दिसल्याच नाहीत. त्याऐवजी काळ्या पडद्यावर एक पाटी झळकली. पोलिसांनी हा कट वेळीच ओळखला, सर्व गुन्हेगारांना पकडले आणि स्फोट टळला, असा तिचा आशय होता. जगभर या पाटीची यथेच्छ थट्टा झाली. काही आठवड्यांतच कापलेला बहुतेक भाग मूळ जागी परतला आणि विषय मागे पडला.

परंतु ही पाटी ही काही कुणा एका संकेतस्थळाची लहर नव्हती. गेल्या चार दशकांत चीनमध्ये जे प्रचंड सामाजिक परिवर्तन घडले, ते चिनी चित्रपटांतून कसे दिसते आणि कुठे दिसेनासे होते, हे समजून घ्यायचे असेल तर या शेवटच्या पाटीपाशी थांबावे लागते. चीनमध्ये दु:ख दाखवण्यास बंदी आहे, असा आपल्याकडे एक सरसकट समज असतो. तो खरा नाही. गरिबी, बेकारी, आजारपण, विस्थापन हे सारे तेथील पडद्यावर येऊन गेले आहे. अट एवढीच, की त्या दु:खाचे कारण कोण, हे चित्रपटाने विचारू नये. विचारलेच तर उत्तर शेवटच्या पाटीवर तयार असावे.

चिनी चित्रपटाच्या आरंभी ड्रॅगनची मुद्रा उमटते. चित्रपटाला प्रदर्शनाचा परवाना मिळाल्याची ती खूण. वयोगटानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत चीनमध्ये नाही. त्यामुळे जो चित्रपट लागेल तो लहानथोर सर्वांना चालेल असाच असावा लागतो, आणि प्रौढ प्रेक्षकही मग अज्ञान बालकांच्या रांगेत बसतो. २०१७ च्या मार्चमध्ये चित्रपट उद्योगासाठी स्वतंत्र कायदा लागू झाला, तेव्हा नियम स्पष्ट होतील अशी आशा काहींना वाटली होती. पुढच्याच वर्षी चित्रपटांचा कारभार सरकारी खात्याकडून काढून थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे सोपवण्यात आला. (आपणही फार हसू नये. नायकाने सिगारेट शिलगावली की कोपऱ्यात सूचना झळकवणारे आपणच.)

या व्यवस्थेचे दोन टोकाचे अनुभव एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला आहे 'डाइंग टू सर्व्हाइव्ह' या चित्रपटाचा, आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो. रक्ताच्या कर्करोगावरील 'ग्लिव्हेक' या स्विस औषधाची महिन्याभराची मात्रा चीनमध्ये वीस हजार युआनहून अधिक किमतीला मिळत असे. लू योंग या रुग्णाने त्याच औषधाची भारतात तयार होणारी स्वस्त आवृत्ती स्वत:साठी मागवली, मग इतर रुग्णांनाही ती मिळवून दिली. तेव्हाच्या चिनी कायद्याच्या लेखी परवाना नसलेले औषध म्हणजे बनावट औषध होते. २०१४ मध्ये त्याच्यावर खटला भरण्यात आला. शेकडो रुग्णांनी त्याच्या बाजूने सह्या केल्या आणि २०१५ च्या आरंभी तो मागे घेतला गेला. ज्या स्वस्त औषधासाठी चिनी रुग्ण जिवाचा आटापिटा करीत होते, त्याचा मार्ग आपल्याकडे पेटंट कायद्यातील तरतुदींनी मोकळा ठेवला होता. नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, तो याच औषधाबाबत.

वेन मुये या तरुण दिग्दर्शकाने या घटनेवरून चित्रपट केला. भारतीय 'शक्तिवर्धक तेल' विकणारा एक कर्जबाजारी दुकानदार औषधांच्या चोरट्या आयातीत उतरतो आणि नफ्यासाठी सुरू केलेल्या धंद्यात हळूहळू माणूस होत जातो, अशी ही कथा. २०१८ च्या जुलैमध्ये चित्रपट लागला आणि त्याने तीन अब्ज युआनहून अधिक गल्ला जमवला. लोक चित्रपटगृहात रडत होते. त्याच महिन्यात पंतप्रधान ली केचियांग यांनी या चित्रपटाचा उल्लेख करून कर्करोगावरील औषधांच्या किमती कमी करण्याचे काम वेगाने करा, असे संबंधित खात्यांना बजावले. चित्रपटाच्या अखेरीस अर्थातच पाट्या आहेत. औषधांवरील आयातशुल्क रद्द झाले, अनेक औषधे विमायोजनेत आली, असे त्या सांगतात. हे सारे खरेही आहे. सरकारने पावले उचलली होती आणि त्यातील काही चित्रपट लागण्यापूर्वीच. मात्र पडद्यावरचा खलनायक परदेशी कंपनी आहे. इतकी वर्षे रुग्णांना वाऱ्यावर कुणी सोडले होते, या प्रश्नाला चित्रपट हळूच वळसा घालतो.

दुसरा अनुभव 'रिटर्न टू डस्ट'चा. दिग्दर्शक ली रुइजुन हे वायव्येकडील गान्सू प्रांतातले. आपल्याच गावात, आपल्याच नात्यातल्या एका शेतकऱ्याला नायक करून त्यांनी हा चित्रपट केला. घरच्यांना नकोसा झालेला एक मध्यमवयीन शेतकरी आणि मारहाणीने अपंग झालेली एक स्त्री, यांचे लग्न नातेवाईक जमवून टाकतात. ही दोन माणसे गाढवाच्या साथीने शेत कसतात, मातीच्या विटा थापतात, स्वत:चे घर उभे करतात. रिकामी पडकी घरे पाडली की सरकारकडून अनुदान मिळते, म्हणून ती ज्या घरात आसरा घेतात ते पाडले जाते. मग सरकारी योजनेतला फ्लॅट दाखवण्यात येतो, सोबत टीव्हीचे कॅमेरेही असतात. नायकाला प्रश्न पडतो, की येथे माझे गाढव, माझी डुकरे, माझ्या कोंबड्या राहणार कुठे? चित्रपटातली सर्वांत धारदार टीका एवढीच. कुठे आवाज चढत नाही, कुणी घोषणा देत नाही. शेवटी ती जाते, तो देणेकऱ्यांचे देणे चुकते करतो, गाढवाला मोकळे सोडतो आणि स्वत: आडवा होतो.

२०२२ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाकडे आधी कुणी फिरकले नाही. मग लहान चित्रफितींच्या माध्यमातून त्याची चर्चा तरुणांत पसरली आणि एका संथ ग्रामीण चित्रपटाने दहा कोटी युआनचा टप्पा ओलांडला. इंटरनेटवर तो आला तेव्हा शेवटी पाटी चिकटलेली होती. सरकार आणि गावकऱ्यांच्या मदतीने नायक नव्या घरात राहावयास गेला, असे ती सांगत होती. म्हणजे ज्याने मरण पत्करले असे प्रेक्षक समजून चुकला होता, त्याला पाटीने जिवंत केले. एवढे करूनही भागले नाही. कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या महाअधिवेशनाला तीन आठवडे उरले असताना, सप्टेंबरच्या अखेरीस हा चित्रपट सर्व संकेतस्थळांवरून नाहीसा झाला. कारण कुणीही सांगितले नाही. पण देशातून आत्यंतिक दारिद्र्य हद्दपार झाल्याची घोषणा २०२१ च्या फेब्रुवारीत क्षी जिनपिंग यांनी केली होती, हे लक्षात घेतले की निराळे स्पष्टीकरण शोधावे लागत नाही. औषधांच्या दु:खावर सरकारी उपाय दाखवता येत होता. या दोघांच्या दु:खावर जो उपाय योजला गेला, तोच त्यांच्या दु:खाचा भाग होता. अशा ठिकाणी पाटी लटकी पडते.

या अदृश्य रेषेचा अंदाज चिनी दिग्दर्शकांनी फार किंमत मोजून घेतला आहे. सांस्कृतिक क्रांतीनंतर बीजिंगची चित्रपट अकादमी पुन्हा सुरू झाली आणि १९८२ मध्ये तिच्यातून बाहेर पडलेल्या तुकडीने चिनी चित्रपटाला जगाच्या नकाशावर आणले. चेन कायगे यांचा 'यलो अर्थ' १९८४ चा, झांग यिमू यांच्या 'रेड सोर्घम'ला १९८८ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळाले. झांग यांच्या १९९४ च्या 'टू लिव्ह'मध्ये मुलगी बाळंतपणात दगावते, कारण अनुभवी डॉक्टरांना 'प्रतिगामी' ठरवून बंदिस्त केलेले असते आणि रुग्णालय कोवळ्या विद्यार्थिनींच्या हाती असते. येथे कारण नावानिशी समोर उभे होते. कान महोत्सवात गौरव झालेल्या या चित्रपटाला मायदेशात पडदा मिळाला नाही. तेच झांग पुढे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याचे शिल्पकार झाले, यावरून त्यांना सत्तेचे भाट ठरवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळातील छावणीतून पळालेला एक कैदी वार्तापटात क्षणभर दिसणाऱ्या आपल्या मुलीसाठी गावोगाव वणवण करतो, असा 'वन सेकंड' त्यांनी नंतरही केलाच. २०१९ मध्ये तो 'तांत्रिक कारणास्तव' बर्लिनमधून ऐनवेळी मागे घेतला गेला आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये लागला.

बदलत्या चीनचा खरा बखरकार मात्र त्यानंतरच्या पिढीतला. जिया झांगके यांचा जन्म १९७० चा, शान्शी प्रांतातील फेनयांग या आडगावचा. त्यांच्या 'प्लॅटफॉर्म' (२०००) मध्ये सरकारी कलापथकातील तरुण-तरुणी दिसतात. माओंच्या स्तुतिगीतांपासून सुरू झालेले हे पथक ऐंशीच्या दशकाअखेरीस ठेकेदाराच्या हाती जाऊन रस्त्याकडेला डिस्को नाच करू लागते. त्याच चित्रपटात ही मंडळी चित्रपटगृहात राज कपूरचा 'आवारा' पाहतात. सांस्कृतिक क्रांतीनंतर पुन्हा झळकलेल्या 'आवारा'ने एका कोंडलेल्या पिढीला काय दिले असेल, हे भारतीय प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. जिया यांचे पहिले तीन चित्रपट परवान्याविनाच झाले. अधिकृत मुद्रा मिळाली ती २००४ च्या 'द वर्ल्ड'ला.

२००६ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळवणारा त्यांचा 'स्टिल लाइफ' यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या फेंगजिए शहरात घडतो. या धरणाने सुमारे तेरा लाख माणसांना घर सोडायला लावले. शहर बुडण्याआधी ते हातोड्यांनी पाडावयाचे असते, आणि पाडणारे मजूरही दुसरीकडून आलेले निर्वासितच. पत्नीला शोधायला आलेला एक खाणकामगार दहा युआनची नोट बाहेर काढतो. तिच्यावर क्विमेन खिंडीचे चित्र छापलेले आहे. नोट समोर धरून तो खऱ्या खिंडीकडे पाहतो. राष्ट्राने जे दृश्य अभिमानाने नोटेवर छापले, त्याच दृश्याच्या पायथ्याशी पाणी चढत आहे. शेजारी उभा असलेला माणूस मात्र त्या नोटेसाठी भिंती फोडतो आहे. जिया एक शब्दही बोलत नाहीत. म्हणूनच या चित्रपटाला मुद्रा मिळाली असावी. २०१३ मध्ये त्यांनी 'अ टच ऑफ सिन'मध्ये खऱ्या घटनांवर बेतलेल्या हिंसेला तोंड फोडले, तेव्हा कानमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि चीनमधील प्रदर्शन राहिले ते राहिलेच.

ज्यांनी मुद्रेची वाटच पाहिली नाही, असाही एक वर्ग होता. हलका डिजिटल कॅमेरा स्वस्त झाला तसे माहितीपटकार कारखान्यांत, झोपडवस्त्यांत शिरले. वांग बिंग यांनी शेनयांगच्या तिएशी भागातील बंद पडत चाललेले सरकारी कारखाने १९९९ पासून टिपले. त्यातून नऊ तासांहून मोठा 'वेस्ट ऑफ द ट्रॅक्स' तयार झाला. त्या वर्षांत सरकारी उद्योगांतील कोट्यवधी कामगार घरी बसवले गेले, आणि एकेकाळी 'देशाचे मालक' म्हणवला गेलेला हा वर्ग अखेरच्या पाळीत कसा दिसत होता, याची एवढी तपशीलवार नोंद दुसरी नाही. असे चित्रपट दाखवणाऱ्या बीजिंगच्या स्वतंत्र चित्रपट महोत्सवाची २०१२ मध्ये वीज तोडण्यात आली आणि २०१४ मध्ये तो बंदच करण्यात आला. कागदपत्रे व चित्रपटांचा संग्रह उचलून नेला गेला. सेन्सॉरची कात्री चित्रपटाचा तुकडा कापते. संग्रह उचलला गेला की त्या काळाची नोंदच जाते.

बाजाराने ही कोंडी फुटेल, असे एकेकाळी सांगितले जात असे. तसे झाले नाही. 'वुल्फ वॉरियर २' (२०१७) आणि कोरियन युद्धावरील 'द बॅटल अ‍ॅट लेक चांगजिन' (२०२१) यांनी प्रत्येकी साडेपाच अब्ज युआनहून अधिक कमाई केली, तर २०२५ मध्ये 'ने झा २' या अ‍ॅनिमेशनपटाने पंधरा अब्जांचा आकडा ओलांडला. तरीही प्रेक्षक आज्ञाधारक आहे असे म्हणवत नाही. २०२४ मध्ये एकूण उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी घसरून साडेबेचाळीस अब्ज युआनवर आले. त्याच वर्षी एकल मातेची खुसखुशीत कथा सांगणारा शाओ यिहुई यांचा 'हर स्टोरी' आणि पन्नाशीत नवऱ्याचे घर सोडून मोटार घेऊन निघालेल्या गृहिणीवरचा 'लाइक अ रोलिंग स्टोन' यांनी शहरी स्त्रियांना चित्रपटगृहांकडे खेचले. दोन्ही दिग्दर्शिका, दोन्ही चित्रपट निर्भीड. येथेही रेषा तीच. दु:खाचे कारण घरातला पुरुष असेल तर बोलता येते. रस्त्यावर उतरून तेच बोलू पाहणाऱ्या पाच तरुणींना २०१५ मध्ये महिनाभराहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला होता.

आणि कारण घरात मावणारे नसेल तर? लोउ ये यांच्या 'अ‍ॅन अनफिनिश्ड फिल्म'मध्ये दहा वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेला चित्रपट पुरा करण्यास आलेला चमू २०२० च्या जानेवारीत वुहाननजीकच्या हॉटेलात टाळेबंदीत अडकतो. चित्रपट हळूहळू भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच्या चेहऱ्यांत विरघळतो, आणि त्यात त्या दिवसांत सामान्य माणसांनी टिपलेली खरी दृश्ये मिसळतात; यातील कितीतरी दृश्ये चिनी संकेतस्थळांवरून तेव्हाच पुसली गेली होती. २०२४ मध्ये तो कानमध्ये दाखवला गेला. त्याच वर्षी, चीन सरकारने २०१९ पासून बहिष्कार घातलेल्या तैपेईच्या 'गोल्डन हॉर्स' सोहळ्यात तो सर्वोत्कृष्ट ठरला. चीनमधील चित्रपटगृहांत तो लागलेला नाही. त्याच्या आरंभी ड्रॅगनची मुद्रा नाही आणि अखेरीस पाटीही नाही.