‘गंभीर’ म्हणजे निघणे



पूर्वी तार यायची : ‘वडील सीरियस, ताबडतोब निघा.’ २०१३ साली तारसेवा बंद झाली, शब्दाचा अर्थ मात्र टिकून आहे. नालासोपारा पूर्वेचे तुळिंज एकेकाळी गाव होते, आज चाळी-इमारतींनी भरले आहे. कापसाच्या पट्ट्यातली आपली काही पोरे तिथे भाड्याच्या खोलीत राहतात. आम्ही त्यांच्याकडे मुक्कामी असताना एकाला गावाहून फोन आला, आई सीरियस आहे. पोराने उसने पैसे घेतले आणि रात्रीचीच गाडी धरली. आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ एवढाच : हातातले काम टाकून निघणे.

सरकारदरबारी हाच शब्द कसा वापरतात पाहा. ‘शासन गंभीर आहे’, ‘गंभीर दखल घेतली आहे’. कोण निघाले, कधी निघाले, काय घेऊन निघाले, याचा पत्ता नसतो.

एका ठिकाणी मात्र या शब्दाला मोजमाप आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत दुष्काळाचे ‘मध्यम’ आणि ‘गंभीर’ असे वर्ग आहेत. आधी पावसाची तूट व खंड पाहतात. मग पेरणीचे क्षेत्र, पिकाची स्थिती, जमिनीतील ओल, पाणीसाठा. शेवटी तालुक्यातील दहा टक्के गावे निवडून शिवारात प्रत्यक्ष पाहणी. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. ११२ गंभीर, ३९ मध्यम. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४०. २४ गंभीर, १६ मध्यम. म्हणजे बांधाच्या अलीकडे गंभीर आणि पलीकडे मध्यम, किंवा काहीच नाही, असेही होऊ शकते. ज्वारीच्या ताटाला तालुक्याची हद्द कळत नाही.

मोजमापाला आमचा विरोध नाही. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाने तसा विरोध करूही नये. पण मोजणारा शिवारात आला त्या दिवशी आपण कुठे होतो? पाऊस कोणत्या तारखेला पडला, खंड किती दिवसांचा, दुबार पेरणी किती एकरांवर, याची वही किती गावांत आहे? ई-पीक पाहणीत किती जणांनी पीक नोंदवले? यादीत तालुका नाही हे कळल्यावर आपण मोर्चा काढतो. मोर्चा हवाच, पण हातात नोंद नसेल तर साहेब निवेदन घेतात, चहा पाजतात आणि परत पाठवतात.

म्हणून या बैठकीत दोन गोष्टी ठरवू. गावागावात दोघांनी पावसाची व पेरणीची वही ठेवायची, आणि पाहणीच्या दिवशी सगळ्यांनी बांधावर हजर राहायचे. आणि ‘गंभीर आहोत’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिथेच विचारायचे : तारीख कोणती, रक्कम किती?

तुळिंजचा पोरगा त्याच रात्री निघाला. आपण कधी निघायचे?